केसातला पारा : मोजावा कुणी, कशासाठी?

मानेवरचे चिमूटभर केस मुळाशी कापा, पाकिटात घालून पाठवा, पैसे भरा आणि शरीरात कोणकोणते विषारी धातू किती साठले आहेत याचा रंगीत आलेखांसह अहवाल घरपोच मिळवा, अशा जाहिराती आता मोबाईलवर सर्रास दिसतात. या सदराकडे येणाऱ्या पत्रांतही त्याचे पडसाद उमटू लागले आहेत. एका निवृत्त शिक्षकांनी आपला असा चार पानी अहवाल पाठवला आहे. पाऱ्यासमोर २.६ आकडा आहे आणि त्याच्यापुढे लाल बाण. ‘शरीर शुद्ध करणारे औषध त्याच लोकांनी सुचवले आहे, घेऊ का?’ असा त्यांचा प्रश्न आहे. दुसरे पत्र एका आईचे. मुलगी बाळंतपणासाठी माहेरी आली आहे. माशांत पारा असतो असे कुणीतरी कानावर घातले आणि तिने मासे खाणे पार सोडून दिले. आता तिच्या केसांची तपासणी करावी का, असे त्या विचारतात.

माझे मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे वाचायला सोपे जाईल. केसातला पारा मोजणे हे थोतांड नाही. विषशास्त्रात इतकी पक्की आणि इतकी स्वस्त साक्ष फार थोड्या गोष्टी देतात. पण ही साक्ष एका ठरावीक प्रश्नापुरतीच खरी असते. तो प्रश्न न विचारता कुणालाही, कशासाठीही ही तपासणी विकणे गैर आहे. आणि तपासणी करून उत्तर त्या माणसाला न सांगणे हे त्याहून गैर. दोन्ही घडलेले आहे.

प्रथम पाऱ्याविषयी. पारा म्हटला की थर्मामीटरमधला चकाकणारा थेंब आठवतो. पण शरीरात जाणारा पारा तीन रूपांत येतो. एक म्हणजे हा धातू आणि त्याची वाफ. दुसरे त्याचे क्षार, जे बनावट गोरेपणाच्या क्रीममध्ये सापडतात. तिसरे रूप म्हणजे मिथाइल मर्क्युरी. नदी, खाडी, समुद्राच्या गाळात पडलेल्या पाऱ्यापासून तिथले जिवाणू ते तयार करतात. तिथून ते सूक्ष्म वनस्पतींत, त्या खाणाऱ्या किड्यांत, मग लहान माशांत आणि लहान मासे गिळणाऱ्या मोठ्या माशांत जाते. प्रत्येक पायरीवर ते वाढत जाते. म्हणून तारलीपेक्षा मुशीत पारा कितीतरी जास्त. हेच रूप आतड्यातून जवळजवळ पूर्ण शोषले जाते, मेंदूत शिरते आणि वारेतून गर्भापर्यंत पोचते. इतकेच नव्हे, तर नाळेतल्या रक्तात ते आईच्या रक्तापेक्षाही जास्त आढळते.

केसाचा संबंध येतो तो इथे. केस ज्या प्रथिनाचा बनतो त्यात गंधक भरपूर असते आणि पाऱ्याला गंधकाची विलक्षण ओढ. केस मुळाशी घडत असताना रक्तातले मिथाइल मर्क्युरी त्यात ओढले जाते आणि तिथेच अडकते. रक्तात जेवढे असेल त्याच्या सुमारे अडीचशे पट ते केसात साठते. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे डोक्याजवळचा पहिला सेंटिमीटर गेल्या महिन्याचा, बारावा गेल्या वर्षीचा. लांब वेणी असलेल्या बाईच्या केसात तिच्या खाण्यापिण्याची दोन-तीन वर्षांची रोजनिशी असते म्हणा ना! बाळ जन्मते तेव्हाचे केसही आईच्या पोटातल्या शेवटच्या महिन्यांचे असतात. जावळ काढताना हे कुणाच्या मनात येत नाही, येण्याचे कारणही नाही, पण रसायनशास्त्राच्या दृष्टीने ती नोंदच आहे.

ही रोजनिशी किती बारकाईने वाचता येते याचे एक उदाहरण अंगावर काटा आणणारे आहे. अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयातील रसायनशास्त्राच्या प्राध्यापक कॅरेन वेटरहान यांच्या हातमोज्यावर १४ ऑगस्ट १९९६ रोजी डायमिथाइल मर्क्युरी या द्रवाचे काही थेंब पडले. हातमोज्यातून द्रव त्वचेपर्यंत गेला. काही महिने त्यांना काहीच जाणवले नाही. मग तोल जाऊ लागला, बोलणे अडखळू लागले आणि ८ जून १९९७ रोजी त्यांचा मृत्यू झाला. त्यांचा केस तुकड्या-तुकड्याने तपासला तेव्हा पारा त्या दिवसानंतर लवकरच चढत जाऊन जवळजवळ ११०० पीपीएमपर्यंत गेलेला आणि मग हळूहळू उतरलेला स्पष्ट दिसला. एका केसाने अपघाताची वेळ सांगितली.

पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक भाग. दहा क्विंटल तांदळाच्या राशीत एक ग्रॅम काही मिसळले तर ते एक पीपीएम. आणि तपासणीला येतात त्या केसांचे वजन ग्रॅमचा काही हजारावा भाग! एवढ्याशा केसातला एवढासा पारा ओळखायचा तरी कसा? याचे उत्तर प्रकाशात आहे.

दोन तंबोरे एकाच सुरात लावून जवळ ठेवले आणि एकाची तार छेडली, तर दुसऱ्याची तार न शिवता झंकारते. सूर वेगळा असेल तर ती गप्प राहते. अणूंचेही तसेच. प्रत्येक मूलद्रव्याचा अणू ठरावीक लांबीच्या प्रकाशलहरीच शोषतो. पाऱ्याची लहर २५३.७ नॅनोमीटरची. ती डोळ्यांना दिसत नाही, पण जंतुनाशक दिव्यातून बाहेर पडते ती हीच. आणि घरातल्या जुन्या ट्यूबलाईटमध्येही आतली पाऱ्याची वाफ हीच लहर सोडते, काचेच्या आतली पांढरी पूड तिचा उजेड करते. अणूंच्या या स्वभावावर मोजमापाचे यंत्र उभारण्याची कल्पना ऑस्ट्रेलियातील ॲलन वॉल्श यांनी १९५५ मध्ये मांडली. त्याला ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शन स्पेक्ट्रोमीटर म्हणतात. लोखंड, तांबे मोजायचे तर त्यात हजारो अंशांची ज्योत लागते. पारा मात्र साध्या तापमानालाच वाफ होतो, त्यामुळे ज्योतीची गरज नाही. केस धुऊन, वाळवून, वजन करून नायट्रिक आम्लात विरघळवायचे, त्यात स्टॅनस क्लोराइड घालायचे की पारा धातुरूपात मोकळा होतो. द्रावणातून हवेचे बुडबुडे सोडले की ही वाफ एका नळीत जाते. नळीच्या एका टोकाला पाऱ्याचाच दिवा, दुसऱ्या टोकाला प्रकाश मोजणारा डोळा. जितका प्रकाश वाटेत कमी झाला तितका पारा. ही ‘थंड वाफे’ची रीत हॅच आणि ऑट यांच्या १९६८ मधील लेखानंतर जगभर रुळली. आताच्या नव्या यंत्रात तर आम्लही लागत नाही. केस लहानशा धातूच्या होडीत ठेवून प्राणवायूत जाळतात, निघालेला पारा सोन्यावर पकडतात, सोने तापवून तो सोडतात आणि त्याच लहरीने मोजतात. पाच-सात मिनिटांचे काम.

यंत्र इतके चोख झाले म्हणून त्याच्यामागची माणसेही चोख झाली असे नाही. जपानमधील मिनामाताची हकिकत वाचकांपैकी काहींना माहीत असेल. तिथल्या चिस्सो कंपनीच्या कारखान्यातून सेंद्रिय पारा समुद्रात सोडला जात होता. मांजरे वेड्यासारखी नाचून मरत होती. १ मे १९५६ रोजी माणसांतल्या आजाराची अधिकृत नोंद झाली. १९५९ मध्ये कुमामोतो विद्यापीठाच्या डॉक्टरांनी सेंद्रिय पाऱ्याकडे बोट दाखवले. पुढच्याच वर्षी, १९६० मध्ये, कुमामोतो प्रांताच्या आरोग्य प्रयोगशाळेने शिरानुई समुद्राकाठच्या मच्छीमार लोकांचे केस गोळा करून तपासायला सुरुवात केली. तेव्हा ही आजची यंत्रे नव्हती. रसायन घालून येणाऱ्या रंगाच्या छटेवरून पारा मोजावा लागे. तरीही आकडे मिळाले. गोशोनोउरा बेटावरच्या एका बाईच्या केसात ९२० पीपीएम पारा निघाला. जागतिक आरोग्य संघटनेने पुढे ठरवले त्यानुसार प्रौढ माणसात हातापायांना मुंग्या येण्याचा धोका ५० ते १२५ पीपीएमच्या दरम्यान सुरू होतो. यावरून ९२० म्हणजे काय ते समजावे.

तीन वर्षे केस गोळा झाले आणि मग ते काम थांबले. आकडे वहीत राहिले, लोकांपर्यंत पोचले नाहीत. लोक तेच मासे खात राहिले, त्या बायकांना मुले होत राहिली. या आजाराचे कारण कारखान्याचा पारा आहे हे जपान सरकारने मान्य केले ते सप्टेंबर १९६८ मध्ये. मासे खाऊन आईला विशेष त्रास नाही आणि पोटातून आलेले मूल मात्र जन्मभर अंथरुणाला, अशी उदाहरणे तिथे झाली. डॉ. मासाझुमी हारादा यांनी ही मुले वर्षानुवर्षे तपासली. जपानी घरांत बाळाची वाळलेली नाळ डबीत जपून ठेवण्याची पद्धत आहे. त्या नाळा मागून घेऊन त्यांनी त्यातला पारा मोजवला, तेव्हा कोणत्या साली किती विष होते ते निर्विवाद झाले. पण केसांनी तेच आधी सांगितले होते.

याच्या उलट उदाहरण इराकचे. १९७१-७२ च्या हिवाळ्यात तिथे पेरणीसाठी आलेला, बुरशीनाशक म्हणून मिथाइल मर्क्युरी चोळलेला गहू खेड्यातल्या लोकांनी दळून खाल्ला. धोक्याची खूण म्हणून दिलेला लाल रंग धुतला की जाई, पारा जात नसे. ६५३० लोक रुग्णालयात दाखल झाले, त्यांतले ४५९ दगावले. तिथे गर्भवती बायकांच्या लांब केसांचे सेंटिमीटर-सेंटिमीटरचे तुकडे तपासले गेले आणि गर्भारपणाच्या कोणत्या महिन्यात किती पारा होता व मूल पुढे कसे वाढले याचा ताळा घातला गेला. गर्भाला आईपेक्षा किती कमी पारा बाधतो याचे आजचे ज्ञान बरेचसे त्या केसांतून सुरू झाले.

नंतरच्या अभ्यासांनी चित्र थोडे गुंतागुंतीचे केले, ते लपवण्यात अर्थ नाही. उत्तर अटलांटिकमधील फॅरो बेटांवर देवमाशाचे मांस खाणाऱ्या आयांचे केस सरासरी ४ पीपीएमच्या वर होते, आणि त्यांच्या मुलांत स्मरण, लक्ष, भाषा यांत बारीक उणीव आढळली. हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवर आया जवळजवळ रोज मासे खात, केसात सरासरी ६.८ पीपीएम पारा, तरी मुलांत ठळक दोष दिसला नाही. देवमासा आणि साधे समुद्री मासे यांत फरक आहे, आणि माशातले चांगले घटक मेंदूला हितकारक असतात, हे त्याचे एक कारण मानले जाते. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने घातलेली रोजच्या सेवनाची मर्यादा केसात सुमारे १ पीपीएम होते. पण ती विषाची सीमा नव्हे. जिथे परिणाम दिसू लागतात त्याच्या दहापट खाली, मुद्दाम सावधगिरी म्हणून, गर्भाला डोळ्यांसमोर ठेवून आखलेली ती रेघ आहे. पासष्ट-सत्तरीच्या, आठवड्यातून चार दिवस मासे खाणाऱ्या शिक्षकांच्या केसात २.६ निघणे याचा अर्थ ते मासे खातात, एवढाच. त्यासाठी अहवालाची गरज नव्हती, त्यांच्या घरच्या मंडळींनी फुकट सांगितले असते.

आणि शरीर शुद्ध करणारे औषध? धातू बांधून लघवीवाटे काढणारी औषधे खऱ्या विषबाधेत, रुग्णालयात, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली द्यायची असतात. ती खनिजेही ओढून नेतात. २००५ मध्ये अमेरिकेत असे चुकीचे औषध शिरेतून दिल्यामुळे रक्तातले कॅल्शियम एकाएकी घसरून एक लहान मूल दगावले. गुरुजींनी ते औषध घेऊ नये. मोठे मासे कमी केले तरी पुरे. मिथाइल मर्क्युरी दीड-दोन महिन्यांत आपोआप निम्मे होते.

आता या घरपोच अहवालांविषयी. २००१ मध्ये अमेरिकेतील वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात एक पाहणी प्रसिद्ध झाली. एकाच निरोगी माणसाचे केस वाटून सहा व्यापारी प्रयोगशाळांकडे पाठवले होते. बारा खनिजांच्या बाबतीत सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी आकड्यांत दहापटीहून अधिक फरक निघाला. आहाराचे सल्लेही परस्परविरोधी आले. दोष यंत्राचा नाही. केस कसे धुतले, प्रयोगशाळा प्रमाणित नमुना शेजारी लावून आपले यंत्र तपासते की नाही, यावर सारे अवलंबून असते. जपानची राष्ट्रीय पर्यावरण संस्था आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था यांनी पारा आधीच मोजलेली मानवी केसांची पूड अशा पडताळणीसाठी तयार केलेली आहे. आपली प्रयोगशाळा ती वापरते का, हा प्रश्न ग्राहकाने जरूर विचारावा. उत्तर देताना समोरचा गडबडला तर पैसे परत खिशात घालावेत.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. केस मिथाइल मर्क्युरीचाच भरवशाचा साक्षीदार. पाऱ्याच्या वाफेत काम करणाऱ्या कारागिराच्या केसावर पारा बाहेरून बसतो, तो धुऊन नीट जात नाही आणि आकडा फुगतो. केस कुरळे करण्याची रसायने वापरली तर आकडा घटतो. गोरेपणाच्या क्रीमचे तर विचारूच नका. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्याची बातमी आली होती. एका कुटुंबातल्या तीन महिलांची मूत्रपिंडे बिघडली, आणि त्या वापरत असलेल्या क्रीममध्ये पारा असल्याचे मुंबईच्या केईएम रुग्णालयातील तपासणीत निघाले. केरळमध्ये मलप्पुरम जिल्ह्यातील डॉक्टरांनीही त्याच वर्षी असे रुग्ण नोंदवले. आपल्याकडच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार अशा क्रीममध्ये नकळत आलेला पाराही १ पीपीएमपेक्षा जास्त चालत नाही. पण क्रीममधला हा पारा क्षाररूपात असतो, तो मूत्रपिंडात साठतो, केसात फारसा उतरत नाही. अशा बाईने केसांची तपासणी केली आणि आकडा बरा आला, तर ती निर्धास्तपणे क्रीम लावत राहील. तिची लघवी तपासायला हवी, आणि रक्त. सोबत क्रीमची डबीही डॉक्टरांना दाखवावी. फेकून देऊ नये.

मग केस तपासायचे कुणाचे? माझ्या मते पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनाऱ्यावरच्या, रोज मासे खाणाऱ्या गर्भवतींचे. ठाण्याच्या खाडीच्या आणि उल्हास नदीच्या मुखाच्या गाळात कारखान्यांचा पारा साठल्याचे शास्त्रज्ञांनी वेळोवेळी दाखवले आहे. तिथली कोळीण काय खाते आणि तिच्या बाळापर्यंत काय जाते हे तिला कळले पाहिजे. केसाइतका सोयीचा नमुना नाही. सुई नको, बर्फ नको, शीतपेटी नको. आशा कार्यकर्ती कात्रीने कापून, मुळाकडची बाजू दोऱ्याने बांधून, साध्या पाकिटात पाठवू शकते. जागतिक आरोग्य संघटनेने गर्भावस्थेतील पारा मोजण्याची पद्धत २०१८ मध्ये लिहूनही दिली आहे. मिनामाताच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने २०१८ मध्येच शिक्कामोर्तब केले आहे. अट एकच असावी. ज्या बाईचा केस घेतला तिला तिचा आकडा, तिच्या भाषेत, अर्थासह आणि मूल जन्मण्याच्या पुरेसे आधी मिळाला पाहिजे. फक्त सरासरी छापून मोकळे व्हायचे असेल तर केस घेऊच नयेत.

पत्र पाठवणाऱ्या आईंना मात्र सरकारची वाट पाहण्याची गरज नाही. मुलीला मासे द्या. बोंबील, मांदेली, तारली, बांगडा, आठवड्यातून दोन-तीनदा बिनधास्त द्या. मासे बंद केल्याने बाळाचे नुकसानच होईल. मुशी, मोठा कुपा, तलवार मासा हे गर्भारपणात आणि अंगावर पाजत असताना टाळा, मोठ्या सुरमईचे तुकडे रोजच्या रोज नकोत. बाळंतिणीला दूध यावे म्हणून मुशी, म्हणजेच मोरी, करून घालण्याची आपल्याकडे रीत आहे. ती प्रेमाची असली तरी यात सासूबाईंशी आणि गरज पडल्यास आजीशीही वाद घालावा. चिंच-कोकम लावून, मीठ चोळून, तळून किंवा कातडे काढून पारा जात नाही, तो माशाच्या मांसातच घट्ट बांधलेला असतो. सुकवल्याने तर पाणी तेवढे उडते आणि पारा तसाच राहतो, त्यामुळे पावसाळ्यासाठी साठवलेल्या सुक्या मुशीत वजनाच्या मानाने तो ओल्या मुशीपेक्षा जास्तच भरतो.